सहाव्या दिवसापासून

"किती दिवस म्हणालात?" काकूंनी फोनवर पुन्हा विचारलं.

"एकवीस."

पलीकडून थोडा वेळ नुसता मिक्सरचा आवाज येत राहिला. मग जपून प्रश्न आला, "घरी सगळं बरं आहे ना?"

हाच प्रश्न पुढे मला बोर्लीच्या वाण्याने विचारला, एसटीच्या कंडक्टरने विचारला आणि समुद्रावर शहाळी विकणाऱ्यानेही. कोकणात घरगुती राहण्या-जेवण्याची सोय असते ती एका रात्रीची, फार तर दोन. शनिवारी दुपारी यायचं, समुद्रात डुंबायचं, मासे किंवा मोदक हाणायचे आणि रविवारी सूर्यास्ताचा फोटो काढून घाटाला लागायचं. थायलंडच्या बेटांवर महिना महिना झोपडी भाड्याने घेऊन पुस्तक वाचत पडणारे लोक असतात, त्यांच्याबद्दल आपण कौतुकाने बोलतो. पण आपलाच एखादा पन्नाशीचा माणूस एकटा, मद्यपानाची चौकशीही न करता, तीन आठवडे समुद्राकाठी राहतो म्हणाला, तर नक्कीच काहीतरी बिनसलेलं असणार.

बिनसलं काहीच नव्हतं. एका कोशाची मुद्रितं तपासायची होती, साडेतीनशे पानं, आणि पुण्यातल्या घराशेजारी एक इमारत पाडायचं काम चालू होतं. बेट परवडणारं नव्हतं. दिवेआगर परवडत होतं.

५ फेब्रुवारी २०२३, रविवार. ताम्हिणी उतरून माणगाव, मग म्हसळा, मग बोर्ली पंचतन. मी खाली उतरत होतो आणि समोरून पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग वर चढत होती, टपावर ओले टॉवेल, मागच्या काचेत झोपलेली पोरं. बोर्लीहून रिक्षाने गावात शिरलो तेव्हा गाव नुकतंच कार्य उरकलेल्या घरासारखं दिसत होतं. ज्या त्या फाटकाशी कुणी ना कुणी खुर्च्या उचलत होतं, चादरी वाळत घालत होतं. माघी पौर्णिमा होती. रात्री सुरूच्या बनातून वाट काढत किनाऱ्यावर गेलो, तर चार-पाच किलोमीटरच्या त्या सपाट वाळूवर मी आणि दोन कुत्री.

घर म्हणजे रस्त्यापासून समुद्राकडे निमुळती होत गेलेली वाडी. पुढे काका-काकूंचं कौलारू घर, मागे बांधलेल्या चार खोल्या, त्याच्या मागे विहीर, मग नारळी-पोफळी, मग केवड्याचं कुंपण आणि वाळू. खोलीत पलंग, प्लास्टिकची खुर्ची आणि भिंतीवर कालनिर्णय. खिडकी लहान. मी टेबल मागितलं तर काकांनी शिवणयंत्राचं टेबल आणून दिलं. एकवीस दिवस मी पायटा हलवत मुद्रितं तपासली.

पहिल्या दिवसापासून पानात पाहुण्यांचं जेवण. सोमवारी आंबोळ्या, वालाचं बिरडं, सोलकढी. मंगळवारी केळफुलाची भाजी आणि नारळाच्या दुधातलं काहीतरी गोड. बुधवारी फणसाच्या कुयरीची भाजी, घावन-घाटलं. काकू बाजूला उभ्या राहून वाढायच्या, आणि "पाहुणे, अजून एक घ्या" या वाक्याला नकार चालत नसे. गुरुवारी संकष्टी होती, म्हणून रात्री चंद्रोदयानंतर उकडीचे मोदक. पाकळ्या इतक्या बारीक की मोजायला गेलो तर काकू म्हणाल्या, "एकवीस आहेत, तुमच्या दिवसांइतक्या."

त्या संकष्टीला गावात गर्दी होती ती सुवर्णगणेशाला. नोव्हेंबर १९९७ मध्ये इथल्या एका पोफळीच्या बागेत खोदताना तांब्याची पेटी लागली आणि आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. दिवेआगरचं आजचं पर्यटन त्या पेटीतून बाहेर आलं म्हटलं तर फार चूक होणार नाही. आधी दर्शनाला माणसं आली, मग त्यांना दुपारी भूक लागली, मग रात्र झाली. एकेका घराने जेवण वाढलं, मग खोली दिली, मग खोल्या बांधल्या. मार्च २०१२ मध्ये मंदिरावर दरोडा पडला, दोन पहारेकरी मारले गेले, मूर्ती गेली. पुढे चोर सापडले तेव्हा सोनं वितळवलेलं होतं. नव्याने घडवलेला मुखवटा नोव्हेंबर २०२१ मध्ये बसला. मधल्या नऊ वर्षांबद्दल काका बोलतात ते देवाच्या नाही, गिऱ्हाइकाच्या हिशेबात: "समुद्र होता, पण माणसाला निघायला निमित्त लागतं हो."

गंमत अशी की या गावाचा सोन्याशी संबंध त्याहून कितीतरी जुना आहे. दिवेआगरला सापडलेला शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा ताम्रपट मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक, आणि त्याचा विषय काय, तर सोन्याची ठेव. हजार वर्षांपूर्वी मराठीने तोंड उघडलं ते कुणाचं सोनं कुणाकडे ठेवलं हे नोंदवायला! भाषेच्या गौरवाची भाषणं करणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

शुक्रवार हा माझा सहावा दिवस. दुपारी पानात आलं ते कुळथाचं पिठलं, भात, भाजलेला पोह्याचा पापड आणि कांदा. काकू वाढायला उभ्या नव्हत्या. आपलं पान घेऊन समोर बसल्या होत्या. "पाहुण्यांचं सगळं संपलं," त्या म्हणाल्या. "पाच दिवसांच्या पुढे मला येतच नाही. आता आमचं जेवायचं."

त्या पिठल्याने माझा मुक्काम खरा सुरू झाला. पुढचे पंधरा दिवस मी मेतकूट-भात, ताकातले पोहे, सकाळी आटवल भात, रात्री उरलेल्या आमटीत शिजवलेली चकोल्यांसारखी काहीतरी गोष्ट, असं जेवलो. या पदार्थांना फलकावर जागा नाही. फलकावर मोदक असतात. गिऱ्हाईकही मोदकच मागतं. ते चूक आहे असं नाही, पण सबंध गाव आठवड्यातून दोन दिवस सण साजरा करतं आणि पाच दिवस पिठलं खातं, हे एका रात्रीत कळायचं नाही.

तोवर माझी एक फजिती होऊन गेली होती. मंगळवारी सकाळी साडेदहाला मुद्रितं सोडून किनाऱ्याने फिरायला निघालो. एका टोकाला एक पऱ्या समुद्राला मिळतो. घोटाभर पाणी, चप्पल हातात घेऊन ओलांडला. पलीकडे वाळूवर बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची रांगोळी घातली होती. भोकापासून बाहेर निघणाऱ्या रेघा, रेघेवर गोळ्या, जणू कुणी बसून ठेवल्यात. जवळ गेलं की मालक गायब, स्थिर बसलं की पाच मिनिटांनी दोन डोळे वर. मी बसलो. साडेबाराला उठून परत आलो तर पऱ्याच्या जागी खाडी. छातीइतकं पाणी, आणि ते समुद्रातून आत येत होतं. खिशात फोन, डोक्यावर ऊन, सावली म्हणावी तर एक वाळकं झुडूप. साडेतीनला मांडीइतक्या पाण्यातून घरी पोचलो.

काका ओट्यावर सुपाऱ्या निवडत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "आज तिथी कोणती?"

मला काय ठाऊक.

"द्वितीया. दोन पाऊणे दीड. दीडला पूर्ण भरती. तुम्ही साडेदहाला निघालात तेव्हा मी पाहिलं, पण म्हटलं पुण्याचे आहेत, बघून गेले असतील."

हिशेब इतका सोपा आहे की लाज वाटली. तिथीला पाऊणने गुणायचं, आलेला आकडा म्हणजे भरतीची वेळ. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या सुमारास. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, भरतीही त्याच्यामागून तेवढीच सरकते. आमच्या आजोबांची पिढी पावकी-निमकी-पाऊणकी घोकायची, तेव्हा ते नुसतं पाठांतर वाटायचं. इथे पाऊणकीवर होड्या सुटत होत्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाण्याला जोर असतो ते उधाण, अष्टमीच्या आसपास पाणी चढतही फार नाही आणि उतरतही फार नाही, तो भांग. "अर्धा तास इकडेतिकडे," काका म्हणाले, "समुद्राला तेवढी मुभा द्यायची." खोलीत कालनिर्णय का टांगलंय ते मला त्या दिवशी कळलं. मी त्यावर इतके दिवस फक्त वार बघत होतो.

काकांची वाडी वीस-बावीस गुंठ्यांची. आगर हा शब्द माझ्या मुद्रितांमध्ये होताच: मिठाचं आगर, नारळी-पोफळींचं आगर, कशाचंही भांडार. अर्थ तिन्ही बरोबर होते, पण तपासताना मी पेन्सिल ठेवून खिडकीतून बाहेर पाहिलं, कारण आगर म्हटल्यावर जो गर्द, ओला अंधार डोळ्यांसमोर येतो तो बाहेर नव्हता. वाडीत ऊन होतं. जमिनीवर गवत होतं.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात किनाऱ्यावर चढलं. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. काका-काकू माजघरात दार लावून बसले होते. वरून कौलं जात होती, पण काकांना आठवतो तो आवाज वेगळा. पोफळ मोडते तेव्हा ती कडाडत नाही. "फटाक्याची ओली माळ लागावी तसं, एकीकडून सुरू झालं आणि मागे विहिरीपर्यंत जाऊन थांबलं." चारला दार उघडलं तर ओट्यावरून समुद्र दिसत होता. काकांच्या वयाच्या त्र्याहत्तर वर्षांत तो तिथून कधी दिसला नव्हता.

सरकारी भरपाई आधी हेक्टरी जाहीर झाली. इथे वाड्या गुंठ्यांत, आणि त्यातही भाऊबंदांची नावं. मग ओरड झाल्यावर झाडामागे ठरली: नारळाला अडीचशे रुपये, सुपारीला पन्नास. पोफळीचं रोप लावलं की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. काकांनी त्या पावसाळ्यात चारशे रोपं लावली. आता ती माझ्या खांद्याला लागत होती, आणि त्यांच्यावर सावली हवी म्हणून मध्ये केळी लावल्या होत्या. कोवळ्या पोफळीला ऊन सोसत नाही. जुन्या बागेत रोपं मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतात, इथे सावली देणारंच कुणी उरलं नव्हतं.

दुसऱ्या आठवड्यात पाडेली आला. श्रीवर्धनी रोठा सुपारी, पांढऱ्या गराची. वाचलेल्या सव्वाशे-दीडशे झाडांवरची उतरवायची होती. पाडेली चाळिशीचा, काटक, पायांत दोरीचा फास, कमरेला कोयती. पहिल्या पोफळीवर तो चढला कसला, वर जाऊन पोचला. वाऱ्याने सबंध खोड डुलत होतं, आणि ते माझ्या मनगटापेक्षा फार जाड नव्हतं. घड तोडून दोरीने खाली सोडला. मग त्याने झाड हलवायला सुरुवात केली. मागे, पुढे, मागे, पुढे, झोका मोठा होत गेला आणि तो हात लांबवून शेजारच्या पोफळीचा शेंडा धरून अलगद तिकडे गेला. मी नकळत "अरे!" म्हणालो. तो हसला. तिसरं झाड, चौथं. आणि पाचव्यापाशी थांबला. पुढचं झाड पंधरा-वीस फुटांवर होतं. मधली वादळात गेलेली.

तो खाली उतरला, चालत गेला, पुन्हा चढला.

"पूर्वी सकाळी वर गेलो की जेवायलाच खाली यायचो," तो चहा पिताना सांगत होता. "सबंध वाडी वरच्या वर. आता उतरा-चढा, उतरा-चढा. झाडं अर्धी राहिली आणि मजुरी दुप्पट मागावी लागते. मालकाला ती परवडत नाही आणि मला कमी घेऊन चालत नाही." काकांनी यावर काहीच म्हटलं नाही. दोघांचंही बरोबर होतं. संध्याकाळपर्यंत मी खाली बसून मोजलं: तो एकोणतीस वेळा उतरला.

उतरवलेली सुपारी सालासकट खळ्यावर पसरली. केशरी-पिवळा गालिचा, दीडेक महिना ऊन खाणारा. रात्री अंगणात मागच्या खेपेची वाळलेली असोली सुपारी सोलायला दोन शेजारणी यायच्या. मी मुद्रितं मिटून त्यांच्यात बसायला लागलो. पहिल्या दिवशी तासाभरात अकरा सोलल्या आणि अंगठा कापला. त्या बायका बोलता बोलता टोपली रिकामी करत. बोलणं लग्नाचं, बँकेचं, बोर्लीच्या डॉक्टरचं. याच सुमाराला काकूंच्या तोंडून "पाहुणे" गेलं आणि "तुम्ही"ही गेलं. "अरे, तुझा चहा निवतोय," असं ऐकल्यावर मी मागे वळून दुसरा कोणी आलाय का ते पाहिलं होतं.

किनाऱ्यावर रोज पहाटे एक तरुण कासवमित्र सायकलवरून जायचा. फेब्रुवारी हा ऑलिव्ह रिडले कासवांचा अंडी घालण्याचा हंगाम. मादी रात्री वाळूवर येते, खड्डा करते, शंभरेक अंडी घालून, वाळू दाबून परत जाते. मागे उरतो तो तिच्या वल्ह्यांसारख्या पायांचा माग. एकदा त्याने मला दाखवला: ट्रॅक्टरच्या चाकासारखा, पाण्यापासून वर आणि वरून पुन्हा पाण्यात. त्याला आडवा छेदून गेलेला दुसरा माग खरोखरच चाकाचा होता, शनिवार-रविवारी पर्यटकांना फिरवणाऱ्या चारचाकी मोटारसायकलींचा. तो वाकून हाताने वाळू बाजूला करत होता. घरटं दोन हातांवर वाचलं होतं. "गाडीवाला माझा मावसभाऊच आहे," तो म्हणाला. "त्यालाही हप्ता भरायचाय." अंडी मोजून बादलीत ठेवताना तो पुढे काही बोलला नाही. एकशे सात होती.

शनिवार १८ तारखेला महाशिवरात्र. गाव तुडुंब. सकाळी काकू माझ्या दारात येऊन जरा घुटमळल्या. "अरे, सहा माणसं आलीत ठाण्याहून. तुझी खोली दिली तर चालेल? तू आमच्या पडवीत नीज." पैसे भरून राहिलेल्या माणसाला त्याच्याच खोलीतून काढण्याचा हा प्रकार सुखावणारा असू शकतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी मुद्रितं उचलली.

मग काका म्हणाले, इथे थांबून काय करणार, हरिहरेश्वरला जाऊन येऊ. किनाऱ्याच्या रस्त्याने निघालो. भरडखोलला बांबूच्या मांडवांवर वाळत टाकलेले मासे, पुढे शेखाडी, डाव्या हाताला डोंगर आणि उजव्या हाताला रस्त्याला चिकटून समुद्र. महाराष्ट्रात एवढा देखणा रस्ता दुसरा असेल असं मला वाटत नाही. याच शेखाडीला फेब्रुवारी १९९३ मध्ये मुंबईच्या बॉम्बस्फोटांसाठीचं आरडीएक्स उतरलं. आणि आम्ही गेलो त्याच्या सहाच महिने आधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, हरिहरेश्वरजवळ एक रिकामी बोट लागली होती, आत एके-४७ रायफली. नाक्यावर पोलिसांनी आमची पिशवी उघडून पाहिली. आत काकूंनी दिलेली उपासाची साबुदाण्याची खिचडी होती.

हरिहरेश्वरला आधी काळभैरव, मग हरिहरेश्वर, मग पुन्हा काळभैरव, हा क्रम. प्रदक्षिणेची वाट डोंगराच्या कपारीतून पायऱ्यांनी थेट समुद्राच्या कातळावर उतरते आणि ती ओहोटीलाच करायची. काकांनी बोटं मोडली: "त्रयोदशी. तेरा पाऊणे पावणेदहा. म्हणजे ओहोटी पावणेचारला." आम्ही साडेतीनला उतरलो. लाटांनी खाऊन कातळाला मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. लाट आली की त्या भोकांतून फुसकारा येतो. काका कातळावर हात टेकत टेकत चालत होते, मध्येच थांबून त्यांनी उत्तरेकडे पाहिलं. "इथून आपला किनारा दिसायचा नाही," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "रोपांना आज पाणी राहिलं."

रात्री परतलो तर ठाण्याची मंडळी अंगणात स्पीकर लावून बसली होती. मी पडवीतून ऐकत होतो. त्यांच्यातल्या एकाने काकूंना विचारलं, "तो पडवीत झोपलेला कोण?" काकू म्हणाल्या, "आमचाच आहे."

तिसरा आठवडा भरभर गेला, त्यात सांगण्यासारखं फारसं काही नाही. मुद्रितं संपली. सुपारीचा वेग तासाला चाळीसवर गेला. एका दुपारी केळींना पाणी घातलं. पाटाचं तोंड मातीने बंद करायचं आणि पुढचं उघडायचं, हे एकदा जमलं की माणूस तासन्‌तास तेच करू शकतो.

रविवारी निघायचं होतं. काकूंनी हिशेबाचा कागद दिला. त्यात खोलीचे वीस दिवस होते, पडवीचा एक वजा करून. जेवणाचे फक्त पाच. मी वाद घालायला गेलो तर म्हणाल्या, "पिठल्याचे कसले पैसे लावू?" बरंच झगडून मी निम्म्यावर आणलं, आणि काकांनी वर सोललेल्या सुपारीची पिशवी ठेवली. "यातल्या तू सोललेल्या ओळखू येतील. रक्त लागलंय."

एसटी दीडची होती. बाराला पान वाढलं. मी बसलो आणि पाहिलं तर केळीच्या पानावर मोदक, वर तुपाची धार, बाजूला बिरडं आणि सोलकढी. काकू वाढायला उभ्या होत्या.

"हे कशाला? पिठलं नाहीये?"

"आहे की. पण ते घरच्यांना," त्या म्हणाल्या. "तुम्ही अजून एक घ्या."